अब्बांचे सुकाणू

ओव्यातले जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या सामानात मरहूम अब्बांचे गलबत निघाले. सागाचे, त्यांनी स्वतः तासलेले. बूड वाळवीने पोखरले होते, शिडाच्या चिंध्या झाल्या होत्या. गवंडी दारात उभा, आम्हाला घाई. भंगारवाल्याच्या हातगाडीवर आम्हीच ते ठेवले. निखळून पडलेले सुकाणू तेवढे अम्मीने उचलले आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिले. ती काही बोलली नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

गेल्या वर्षी धाकट्याला शाळेच्या प्रदर्शनासाठी शिवाजी महाराजांच्या आरमारातले जहाज करायचे होते. त्याने बाजारातून तयार संच आणला. तीन डोलकाठ्या, त्यांवर चौकोनी शिडे, मागे नक्षीदार खिडक्या. थोरली म्हणाली, "अरे, हे तर इंग्रजांचे!" तिचे खरे होते. ज्यांच्याशी लढाई झाली त्यांचेच जहाज आम्ही भगवा लावून टेबलावर मांडणार होतो.

मग आम्ही सगळेच बसलो. रॉबर्ट ऑर्म या 18व्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने कोकण किनाऱ्यावरच्या गलबतांचे वर्णन करून ठेवले आहे. भार सहसा 70 टनांच्या आत, डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची अगदी किरकोळ, मोठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड. चाळीस ते पन्नास वल्ही. वजन वाढू नये म्हणून वरचा डेक चिरलेल्या बांबूचा. आम्ही हिशेब मांडला. मॉडेल फूटभर, त्यावरचा माणूस इंचभर. एका बाजूला वीस वल्ही, म्हणजे दोन वल्ह्यांत जेमतेम अर्धा इंच. वल्ह्यांसाठी अगरबत्तीच्या काड्या, डेकसाठी खराट्याच्या. घरात चार दिवस खराटा नव्हता!

डोलकाठी मात्र आम्ही चुकवली. गावातले एक बुजुर्ग चाचा तरुणपणी मचव्यावर तांडेल होते. त्यांना दाखवले तर म्हणाले, "मास्तर, काठी सरळ उभी कशी केलीत? ती पुढे झुकलेली पाहिजे." कारणही त्यांनीच सांगितले. शीड ज्या लांब तिरक्या बांबूला बांधतात, तो शीड पालटताना काठीच्या पुढून फिरवावा लागतो. काठी पुढे झुकलेली असली की त्याला जागा मिळते. डिंक सुकला होता. काठी उपटून पुन्हा बसवावी लागली.

प्रदर्शनात मॉडेलखाली आम्ही 1679च्या खांदेरीच्या लढाईची चार वाक्ये लिहिली. इंग्रजांची मोठी जहाजे उथळ पाण्यात येऊ शकत नव्हती. मराठ्यांची गलबते किनाऱ्यालगत राहत, वारा पडला की वल्ह्यांवर निघत आणि बेटावर रसद पोचवत. आरमाराचे नेतृत्व दौलतखानाकडे होते. त्याचे नाव वाचून एक पालक धाकट्याला म्हणाले, "हे नक्की ना, बाळ?" धाकट्याने पाठ्यपुस्तक नाही, थेट वल्हीच दाखवली आणि वीसपर्यंत मोजून दाखवली. त्याच्या दृष्टीने वल्ही बरोबर असली की नावही बरोबर. आम्ही मागेच उभे होतो. बोलावेसे वाटले, पण मुलाचा चेहरा पाहून गप्प राहिलो.

घरी आल्यावर अम्मीने मशीनचा खण उघडला. "आता हे लावा."

ते बसेना. अब्बांचे सुकाणू आमच्या मॉडेलपुढे दुपटीहून मोठे. धाकटा म्हणाला, तासून लहान करू. आम्ही नाही म्हटले. तो म्हणाला, मग तसेच चिकटवू, दादांची आठवण म्हणून. पण ज्या गलबतासाठी खराट्याच्या काड्या मोजून लावल्या, त्याला दुप्पट सुकाणू कसे लावायचे? अब्बांनाच ते पटले नसते. सुताराकडून आलेला पाट रांधा मारून पुन्हा सरळ करणारा माणूस तो.

शेवटी थोरलीने उलटा हिशेब केला. सुकाणू पाण्यात किती बुडेल, त्यावरून बुडाची खोली, त्यावरून रुंदी, त्यावरून लांबी. आकडा सव्वादोन फुटांवर आला. अम्मीने दोन्ही हात पसरून माप दाखवले, "एवढेच होते." आम्हाला मात्र त्याची लांबी आठवत नव्हती. फळ्या किती होत्या, दोरी कुठून कुठे होती, काहीच आठवत नव्हते. घरात ते वीस वर्षे होते.

यंदा ते लढाऊ नाही, मालाचे गलबत करायचे आहे, अब्बांच्यासारखे. म्हणजे वल्ही कमी, तोफा नाहीत, मधली जागा मालासाठी मोकळी. जुन्या घराच्या चौकटीचा साग मिळाला आहे. आतल्या वाकांपैकी सात बसले, पाच राहिले आहेत. टेबल त्यांनीच अडवले आहे, त्यामुळे सध्या दस्तरखान खाली अंथरतो. चाचा जुम्म्यानंतर येऊन बघून जातात. काल त्यांनी तिसरा वाक काढायला लावला.