पत्रें होतीं तेथेंच होतीं

कागदी पत्रें तारेस टोंचून ठेवण्याचा प्रघात होता तोंवर पत्र कोठें आहे, हें घरांत कोणास विचारावें लागत नसे. ई-मेलचें तसें नाहीं. तीं पत्रें वस्तुतः कोणत्या जागीं राहतात हें वाचणारास ठाऊक नसतें. आणि एरवीं त्यावांचून कांहीं अडतहि नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबाचा ई-मेल माडीवरील एका लहानशा यंत्रांत सांठविलेला असतो. त्याची देखरेख पुतण्याकडे आहे. २०२५ सालीं डेबियनची तेरावी आवृत्ति निघाली व तिच्यासमवेत, पेट्या उघडून दाखविणारें डव्हकॉट हें सॉफ्टवेअर २.४ या मालिकेंतलें आलें. पुतण्यानें रविवारीं रात्रीं हा पालट केला, आणि सोमवारीं सकाळीं वहिनींनीं पेटी उघडली तों ती रिकामी! “भाऊजी, ह्यांचीं पत्रें गेलीं हो,” एवढेंच त्या म्हणाल्या. आमचे वडील बंधु शेवटच्या दुखण्यांत असतां त्यांनीं रुग्णालयांतून धाडलेलीं पत्रें तींत होतीं.

पुतण्या जुन्या प्रतीवरून सारें पुन्हां उतरवावयास निघाला. आम्हीं त्यास थांबविलें. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात खरें, पण ती ‘योग्य’ असावी लागते. म्हणजे वस्तु असती तर तेथें दिसलीच असती अशी खात्री असेल, तरच न दिसण्यावरून अभाव ठरतो. अंधाऱ्या खोलींत घागर दिसली नाहीं म्हणून ती नाहींच, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. सॉफ्टवेअर कोणत्या खोलींत शोधीत आहे तें आधीं पाहा, असें आम्हीं सुचविलें.

गोम तेथेंच निघाली. आमचीं पत्रें ‘मेलडिर’ पद्धतीनें ठेविलेलीं. डॅनियल बर्नस्टाइन यांनीं क्यूमेलसाठीं योजिलेल्या या पद्धतींत प्रत्येक पत्राची फाइल निराळी, आणि पेटींत तीन फोल्डर: पत्र लिहून पुरें होईपर्यंत ‘टीएमपी’मध्यें, पुरें होतांच ‘न्यू’मध्यें, आणि वाचणाऱ्याच्या नजरेस आलें कीं ‘सीयूआर’मध्यें. पूर्वीं ‘मेल-लोकेशन’ ही एकच ओळ पद्धति व जागा दोन्ही सांगत असे. २.४ मध्यें ती जाऊन ‘मेल-ड्रायव्हर’ व ‘मेल-पाथ’ अशा दोन ओळी आल्या. जुनी फाइल चालेना, म्हणून पुतण्यानें नव्यासोबत आलेली जशीच्या तशी घेतली. तींत पद्धति ‘एमबॉक्स’, म्हणजे सगळीं पत्रें एकाच फाइलींत रचण्याची, आणि जागाहि दुसरीच. सॉफ्टवेअर बिचारें रिकाम्या खोलींत प्रामाणिकपणें पाहून ‘कांहीं नाहीं’ म्हणत होतें! दोन ओळी सुधारल्या, सेवा पुन्हां चालू केली, आणि पत्रें तारीखवार उभीं राहिलीं. वहिनी त्या दुपारीं जेवावयास उशिरा आल्या.

रात्रींत नव्या जागीं येऊन पडलेलीं पांच-सात पत्रें मात्र मूळ पेटींत आणावीं लागलीं. अशा वेळीं रूटच्या अधिकारानें नक्कल केलेल्या फाइलींची मालकी रूटकडेच जाते, आणि ज्याचें पत्र त्यासच तें उघडत नाहीं; म्हणून मालकी ज्याची त्यास परत द्यावी. ‘डव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ ही क्रमांकांची यादीहि पेटीपासून तोडूं नये. ती गमावली तर पत्रांचे क्रमांक बदलतात, आणि घरांतील प्रत्येक फोन सगळी पेटी नव्यानें उतरवूं लागतो.

आतां यंत्राशेजारीं एक वही ठेविली आहे. तींत पेटीची जागा, पद्धति आणि पालटाची तारीख पुतण्या स्वहस्तें लिहितो. अक्षर अद्याप वाईट आहे.