जुन्या ट्रॉलीचे बेअरिंग

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नळदुर्ग वसले आहे. प्रवासी येथे थांबतो तो बोरी नदीकाठचा किल्ला आणि त्यातील पाणीमहाल पाहण्यासाठी. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की या परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत कठड्यांच्याही वर रचलेला ऊस आणि दोन्ही मिळून १५ ते २० टनांचा भार, अशी वाहतूक रात्रभर चालू राहते. यांपैकी कित्येक ट्रॉल्या जुन्या असतात. दसऱ्याला त्यांना नवा रंग मिळतो, गंजलेले पत्रे बदलले जातात. चाकाच्या पोटातील भाग मात्र मोडेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. मोडले की त्यांचा शोध सुरू होतो, आणि तो शोध प्रथम गावातील सुट्या भागांच्या दुकानाच्या पायरीशी येऊन थांबतो.

ट्रॅक्टरचा भाग शोधणे त्या मानाने सोपे असते. त्याला कंपनी असते, मॉडेल असते आणि भागांची छापील यादीही असते. जुन्या ट्रॉलीला यांतले काहीच नसते. ती तालुक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जोडलेली असते. जोडणाऱ्याने त्या वेळी जो एक्सल हाती आला तो बसवलेला असतो. कधी नवा, कधी मोडीत निघालेल्या वाहनाचा. पुढे दुरुस्त्या होत गेल्या की एकाच ट्रॉलीचे डावे हब एका मापाचे आणि उजवे दुसऱ्या मापाचे झालेले आढळते. म्हणून ‘कोणत्या कंपनीची ट्रॉली?’ हा प्रश्न येथे निरुपयोगी ठरतो. उत्तर मिळते ते केवळ मापातून.

चाकाच्या आतील रचना मात्र समजण्यास कठीण नाही. एक्सलच्या टोकाच्या दांड्यावर दोन बेअरिंगे असतात. आतल्या बाजूचे मोठे, बाहेरचे लहान. प्रत्येकाचे दोन भाग असतात. रोलर धरून ठेवणारा कोन दांड्यावर चढतो, तर गुळगुळीत कड्यासारखा कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. मागील बाजूस रबरी ओठाचे सील असते. ते ग्रीस आत ठेवते व चिखल-पाणी बाहेर अडवते. पुढे नट, कॉटर पिन आणि टोपी. निमुळत्या रोलरच्या या बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये मिळवले, आणि ते गृहस्थ मूळचे घोडागाड्या बनवणारे होते. वळणावर गाडीचा भार चाकाला बाजूनेही रेटतो. तो आडवा आणि उभा असे दोन्ही भार एकाच वेळी पेलता यावेत, हा या निमुळत्या आकाराचा हेतू. आपल्याकडील रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक आजही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. तिच्यापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत चाक हलके फिरते ते अशा लहानशा पोलादी भागांच्या बळावर.

बिघाडाचा क्रम विचार करण्याजोगा आहे. सर्वांत स्वस्त भाग आधी जातो. सीलचा ओठ झिजतो, ग्रीस बाहेर पडते, काळ्या मातीचा चिखल आत शिरतो. मग रोलरवर बारीक खड्डे पडतात, चाक घरघरू लागते व हब तापते. तरीही गाडी चालतच राहिली, तर तापलेला कप हबमधील आपली घट्ट जागा सोडून फिरू लागतो आणि हबचे भोकच मोठे करतो. थोडक्या रकमेचे सील वेळेवर न बदलल्यामुळे प्रथम बेअरिंग, मग हब आणि शेवटी एक्सलचा दांडा असा खर्च चढत जातो. घरात काय आणि दुकानात काय, मोठ्या नुकसानीची सुरुवात बहुधा अशाच दुर्लक्षित कोपऱ्यातून होते.

जुने बेअरिंग हाती आले की ते आधी डिझेलने धुऊन त्यावरील क्रमांक शोधावा लागतो. मिलिमीटर मालिकेतील क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप निघते. ३०२०८ चे भोक ४० मिलिमीटर, ३०२१० चे ५०. येथेच फसगत होते. ३०२१० आणि ३२२१० या दोहोंचे भोक ५० आणि बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर. परंतु पहिल्याची एकूण रुंदी २१.७५ आणि दुसऱ्याची २४.७५ मिलिमीटर आहे. इंची मालिकेत तर नजर आणखी चकते. एल ४४६४३ चे भोक २५.४ मिलिमीटर, एल ४४६४९ चे २६.९८८, आणि दोघांना कप एकच चालतो. मोठ्या भोकाचे बेअरिंग लहान दांड्यावर सहज चढते. सहज चढले म्हणून ते बरोबर बसले, असा समज करून घेतला जातो.

हंगामाच्या ऐन भरात अशाच एका दुकानात एक शेतकरी चिंधीत गुंडाळलेला कोन घेऊन येतो. गंजामुळे क्रमांकाचे शेवटचे तीन अंक, २१०, एवढेच उरलेले असतात. “शेठ, असलंच एक द्या. ट्रॉली भरून उभी हाय.” दुकानदाराचा मुलगा व्हर्निअर लावतो. भोक भरते ५० मिलिमीटर. फळीवर ३०२१० चा डबा असतो. मुलगा हळूच म्हणतो, “अण्णा, भोक तेच, बाहेरचं मापही तेच. मागं तीन मिलिमीटरची चकती टाकली की बसेल.” वडील कोनाची रुंदी मोजायला सांगतात. ती २३ मिलिमीटर भरते. ३०२१० च्या कोनाची असते २०. म्हणजे मूळ बेअरिंग ३२२१० चे. “बसेल, पण टिकणार नाही,” वडील म्हणतात. “त्याचे रोलर लांब, याचे आखूड. भार मात्र तेवढाच. आणि चकती झिजली की नट सैल.”

शेतकऱ्याची निकडही खोटी नसते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे बरे; उशीर होईल तसे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. “आजच्या दिवसापुरतं द्या की. उद्या सोलापूरहून आणतो,” तो विनवतो. वडील गल्ल्याकडे न पाहता दूरध्वनी उचलतात. सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे ३२२१० चा कपासह जोड असतो. तो दुपारच्या एसटीने येईल असे ठरते. “पाटील, तोवर शेजाऱ्याची ट्रॉली मागा, माल तिच्यात काढा. आणि हब सोडवून आणा. नुसत्या कोनावरून सील देता येत नाही.” शेतकरी नाराज होऊन उठतो. दुसऱ्या दुकानात विचारतो असे बोलूनही दाखवतो. मुलाच्या चेहऱ्यावर गेलेल्या विक्रीची खंत दिसते. वडील त्याला बोल लावत नाहीत. ३०२१० चा डबा पुन्हा फळीवर ठेवायला सांगतात, इतकेच.

सायंकाळी शेतकरी हब घेऊन परत येतो, तेव्हा खरा पेच समोर येतो. कप आत फिरून भोक ढिले झालेले असते. अशा वेळी रस्त्याकडेच्या दुरुस्तीत दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे भोकाच्या आतून पंच मारून खरबरीत ठिपके उठवायचे, म्हणजे कप तात्पुरता आवळतो. दुसरा म्हणजे कपालाच वेल्डिंगचा टाका द्यायचा. पहिला उपाय थोड्याच फेऱ्यांत उघडा पडतो. दुसऱ्याने उष्णतेमुळे कपाचे कडक केलेले पोलाद बिघडते. योग्य मार्ग असा, की हबला कोठे तडा नसेल आणि भिंतीची जाडी पुरेशी असेल, तर चांगल्या टर्नरकडून भोक मोठे करून त्यात घट्ट स्लीव्ह बसवावी व ती मापात कातून घ्यावी. तडा असल्यास हब बदलावे. त्या घडणीचे हब मिळतच नसेल, तर दोन्ही हबांसह पूर्ण एक्सल नवा घेणे हा खर्च वाटतो खरा, पण पुढील शोधाचा त्रास त्याने कायमचा मिटतो. कारण नव्या एक्सलच्या बेअरिंगांचे आणि सीलांचे क्रमांक पहिल्या दिवसापासून ठाऊक असतात.

सीलचे माप घेतानाही घाई नडते. सीलची तीन मापे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. आतले माप घ्यायचे ते दांड्यावर सीलचा ओठ जेथे टेकतो त्या जागेचे, बेअरिंगच्या जागेचे नव्हे. त्या जागी ओठाने खाच पाडली असेल, तर नवे सीलही फार काळ पाझर रोखू शकत नाही. आधी ती जागा नीट करून घ्यावी लागते. बसवताना स्प्रिंग असलेली बाजू ग्रीसकडे, म्हणजे आत ठेवायची असते. ग्राहकाला एवढे सांगणारा दुकानदार मालाबरोबर थोडे ज्ञानही देत असतो, आणि त्याचे मूल्य बिलात लिहिलेले नसते.

या व्यापारातील सर्वांत अवघड परीक्षा नकली मालाची आहे. नामांकित कंपनीच्या नावाचा डबा, तसाच रंग, तसाच शिक्का. आत मात्र हलक्या पोलादाचे बेअरिंग. खरेदीचा दर निम्मा, विक्रीचा दर अस्सल मालाइतकाच. ग्राहकाला फरक कळतो तो फार उशिरा, आणि तोवर दोष रस्त्यावर किंवा चालकावर ढकलता येतो. आता काही कंपन्यांनी डब्यावरील सांकेतिक खूण मोबाइलवर तपासण्याची सोय केली आहे. अधिकृत वितरकाचे पक्के बिल ही त्याहूनही जुनी आणि साधी कसोटी आहे. जैन कुटुंबात वाढलेल्या व्यापाऱ्याला मात्र याहून जुनी कसोटी ठाऊक असते. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक-व्यवहार’ येतो; अस्सल म्हणून नकली देणे तो हाच. त्याच यादीत मापात कमी-अधिक करणे आहे आणि चोरीचा माल घेणेही आहे. भंगारातून आलेले जुने हब कोठून आले, हे न विचारता घेणाऱ्याने हा शेवटचा अतिचार आठवावा. शास्त्रकारांसमोर बेअरिंग नव्हते, पण दुकान होते. आणि दुकानातील मोह तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

अहिंसेचा विचार केवळ भाजी निवडताना किंवा पाणी गाळताना करायचा नसतो, हेही या विषयात स्पष्ट होते. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आपला सारा संसार ट्रॉलीत घालून प्रवास करतात. भांडी, धान्य, सरपण, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले. महामार्गाच्या उतारावर चाक निखळले तर काय होईल, याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही. ज्याने तीन मिलिमीटरची चकती घालून वेळ मारून नेली, त्याला ती मुले कधी दिसत नाहीत. विक्री दुकानात होते, परिणाम दूरवर कोठेतरी. न दिसणाऱ्या जीवाची काळजी घेणे हा ज्यांच्या घरातील संस्कार आहे, त्यांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

शोधाचा हा त्रास बहुतांशी टाळताही येतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक हब एकदा उघडावे, जुने ग्रीस पुसून नवे भरावे, सील बदलावे. बेअरिंग बदलताना कप आणि कोन दोन्ही नवे घ्यावेत; झिजलेल्या कपावर नवा कोन लवकर खराब होतो. नट आवळताना चाक फिरवत राहावे, मग नट किंचित मागे घेऊन कॉटर पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण हलू नये. पहिल्या फेरीत काही किलोमीटर गेल्यावर थांबून हबच्या जवळ हात नेऊन पाहावा. एकच हब इतरांपेक्षा अधिक तापले असेल, तर ते पुन्हा उघडावे.

दुकानदाराने करण्याजोगेही एक काम आहे. ज्या ट्रॉलीसाठी एकदा योग्य बेअरिंग सापडले, तिचे आतील-बाहेरील बेअरिंगांचे क्रमांक, सीलची तिन्ही मापे आणि डाव्या-उजव्या चाकांतील फरक मालकाच्या नावावर एका वहीत लिहून ठेवावेत, आणि तीच नोंद ग्राहकालाही द्यावी. व्यापारी घराण्यांत देण्या-घेण्याच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपल्या जातात. मापांची ही वही त्यांच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेची आहे. कारण पुढच्या हंगामात मुलगा गादीवर एकटा असेल, समोर घाईत असलेला ग्राहक उभा असेल, आणि तेव्हा योग्य माल कोणता हे सांगण्याचे किंवा तो नाही असे स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्याला त्या नोंदीतून मिळेल.