डोळ्यांदेखत

क्रिकेटचा पंच कोणासही ठाऊक असतो. सॉफ्टबॉलचा पंच म्हणजे काय, हें मात्र आमच्या घरींसुद्धां मला दरवर्षीं नव्यानें समजावून द्यावें लागे. "म्हणजे तुमचा तो बेसबॉलच ना?" असें आमचे वडील बंधु विचारीत, आणि "त्याची धाकटी बहीण," असें सांगून मी सुटका करून घेत असें. ही धाकटी बहीण १८८७ सालीं शिकागो शहरांतील एका बोटक्लबाच्या दालनांत जन्मास आली. बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा एवढेंच तिचें बाळलेणें. तेथून निघून ती आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांच्या पटांगणांवर येऊन ठेपली. ज्या मुलींच्या घरीं बॅट कोणीं पाहिलेली नाहीं, त्या मुली आज तो टपोरा चेंडू सफाईनें झेलतात, हें पाहून मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं चंद्रपुरांत सतरा वर्षांखालील मुलींचे शालेय सामने होते. आश्विनांतील ऊन होतें. आमची काळी माती पावसानें उघडीप दिली कीं पापुद्रा धरते, आणि पायांखालीं त्याचा भुगा होऊन डोळ्यांपुढें उडतो. समोरासमोर एक चंद्रपूरचा व एक वैनगंगेपलीकडचा, असे दोन संघ होते. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुरांतून वेगळा निघाला. तरी एकमेकांस हरविण्यांत दोघांना अद्याप भाऊबंदकीचा आनंद होतो. जिंकणारा संघ राज्य पातळीवर जावयाचा होता, आणि त्या पातळीच्या प्रमाणपत्रावर दहावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. अरण्यांतल्या गांवाहून आलेल्या मुलीला ते किती मोलाचे, हें शिक्षकीच्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या माणसास कोणीं सांगावयास नको.

सातवा, म्हणजे शेवटचा डाव. गडचिरोलीचा संघ एका धांवेनें मागें. दोन गडी बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक मुलगी. चेंडू जमिनीलगत सरपटत आला. शॉर्टस्टॉपवरची मुलगी तो घेण्यास वांकली, आणि दुसऱ्या बेसवरून सुटलेली मुलगी थेट तिच्यावर आदळली. धूळ उडाली. चेंडू मागें मैदानांत निघून गेला, दोघीही धांवून घरीं आल्या, आणि त्यांच्या मैत्रिणी नाचूं लागल्या. मीं मात्र केव्हांच दोन्ही हात वर करून चेंडू मृत झाल्याचें पुकारलें होतें. अडथळा, धांवणारी बाद, धांवा रद्द, सामना संपला.

ती मुलगी माझ्यापुढें येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मी तं लायनीवरूनच धावत होती न जी."

तें अक्षरशः खरें होतें. परंतु या खेळांत टोलविलेला चेंडू घेणारीचा हक्क पहिला. धांवणारीनें, रेषेवर असली तरी, तिला वळसा घालून गेलें पाहिजे. त्यांत हेतु पाहिला जात नाहीं. क्रिकेटमध्यें तसें नाहीं. १९५१ सालीं ओव्हलवर लेन हटन, आणि १९८९ सालीं अहमदाबादेस मोहिंदर अमरनाथ, क्षेत्ररक्षणांत अडथळा आणल्याबद्दल बाद ठरले, तेव्हां त्या कृत्यास 'जाणूनबुजून' हें विशेषण आवश्यक होतें. सॉफ्टबॉलमध्यें तें विशेषणच नाहीं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला 'तूं अडथळा केलास' हें वाक्य आरोपासारखेंच ऐकूं येतें. मीं तिला म्हटलें, "नियमच तसा आहे, बाळ." तिच्या शिक्षकांनीं नियम विचारला, ऐकला, आणि ते मुकाट्यानें परत गेले. नियम चुकीचा लावला तर लेखी तक्रार करतां येते; पंचाच्या नजरेविरुद्ध करतां येत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें.

जेवतांना मीं ही हकीकत घरांत सांगितली. पत्नीनें सहज विचारलें, "चेंडू तिच्या हाताला आधीं लागला कीं मुलगी आधीं आदळली?"

माझा घांस हातांतच राहिला. कारण सारें त्यावरच होतें. चेंडू हातमोज्याला लागून तिच्या आवांक्याबाहेर उडाला असेल, आणि टक्कर त्यानंतरची असेल, तर तिचें संरक्षण तेथेंच संपलें. मग हातांत चेंडू नसतां वाटेंत उभी राहिल्याबद्दल अडवणूक तिची, आणि तिसरा बेस त्या धांवणारीचा! एकच टक्कर, तीच धूळ. डोळ्याचें पातें लवण्याइतकें अंतर मागेंपुढें झालें कीं निकाल पार उलटा. मला टक्कर आधीं दिसली होती. निदान हात वर करतांना दिसली होती. रात्रीं मात्र हातमोज्यावर चेंडू थडकल्याचा आवाज पुन्हां पुन्हां कानीं येऊं लागला. तो खरोखर झाला होता, कीं तीस वर्षांच्या संवयीनें मीच तो भरून काढीत होतों, हें ठरेना. आणि एक गोष्ट अधिक टोंचली: मीं तिला नियम सांगितला होता, नजर सांगितली नव्हती.

सकाळीं मी एस. टी. स्थानकावर गेलों. मूल-सावलीवरून गडचिरोलीस जाणाऱ्या गाडीची वाट पाहत मुली वळकट्यांवर बसल्या होत्या. मला पाहून त्या उभ्या राहिल्या. मीं त्या मुलीला सारें समजावून सांगितलें: नियम खरा, पण चेंडू आधीं कीं टक्कर आधीं, तें मला दिसलें तसें मीं ठरविलें.

"मंग दिसलं होतं का, सर?"

"दिसलंसं वाटलं होतं."

तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें. "हे तं काल तिथंच सांगाचं होतं न जी," ती म्हणाली. आणि गाडी लागल्यावर आपली वळकटी उचलून ती मैत्रिणींसाठीं जागा धरावयास पुढें धांवली.