ब्लेडचा हिशेब

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत कौलं, पत्रे, माडाची झाडं आडवी झाली. नंतरची दोन वर्षं आमच्याकडे दुरुस्तीची कामंच कामं. अब्बांनी धंदा माझ्या हाती दिला, आणि मी पहिलाच मोठा दर चुकवला.

जुनं घर होतं. नळ आणि वायरिंगसाठी हजार फूट खाचा मारायच्या होत्या. सहाशे रुपयांचं डायमंड ब्लेड शंभर फूट चालतं, म्हणजे फुटाला सहा रुपये, एकूण सहा हजार. दर दिला, काम मिळालं.

वरच्या भिंती जांभ्याच्या, तिथे हिशेब बरोबर आला. पण चारशे फूट खाच काळ्या दगडाच्या जोत्यात होती. जांभा मऊ पण खरखरीत, तो ब्लेड झिजवतो, म्हणून त्याला घट्ट जोडाचं ब्लेड लागतं. काळा दगड उलट. तिथे जोड मऊ हवा, नाहीतर हिऱ्याचे कण बोथट होऊन आतच बसतात, नवे वर येत नाहीत आणि ब्लेड गुळगुळीत होतं. मी सगळीकडे एकच ब्लेड धरलं होतं. जोत्यात ते वीस फुटांत संपू लागलं. खर्च पंधरा हजार सहाशेवर जाणार हे दिसलं.

मग मी कारागिराला म्हणालो, "अजून थोडं चालव." त्याने जोर लावला. ब्लेडचा तुकडा उडाला, भुवईवर तीन टाके पडले. डोळा वाचला, अल्लाहचे उपकार.

रात्री अब्बांनी एवढंच विचारलं, "माप तू चुकवलंस. भरपाई त्याने का करायची?"

उत्तर नव्हतं. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मी दिली, पण त्याने ते विचारणं पुसलं जात नाही.

आता दर देण्याआधी प्रत्येक दगडात दोन-दोन फूट कापून बघतो, ब्लेड आधी आणि नंतर मापतो. अंदाजपत्रकात ब्लेड, चष्मा आणि धूळ बसवायचं पाणी यांची वेगळी ओळ असते. गिऱ्हाईक म्हणतं, "ही ओळ काढा, काम तुमचं."

गेल्या महिन्यात असंच एक काम गेलं. वाईट वाटलं. ओळ मात्र तशीच आहे.