शनिवार तेल्यांचा नव्याचा सण

मंडळी, अलिबागेस गेलात तर कुलाबा किल्ला पाहून लगेच एस. टी. गाठू नका. इस्रायल आळीत डोकवा. तेथे १८४८ साली बांधलेले मागेन अबोथ हे बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, प्रार्थनामंदिर आहे. पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, असे ते सांगतात. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवले शनिवार तेली.

त्यांचे नवे वर्ष पाडव्याला नव्हे, भादव्यात किंवा आश्विनाच्या तोंडावर लागते. नाव मात्र अगदी आपल्या घरचे, नव्याचा सण! मंदिरात मेंढ्याचे शिंग फुंकतात. घरी सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. मागोमाग खिरीचा सण, नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात.

आणि चिकाचा हलवा! तुम्ही कुरडयांसाठी गहू भिजवून काढता तोच चीक. साखर आणि नारळाचे दूध घालून घोटायचा, हात भरून येईतो. गाईचे दूध का नको? मांसाहाराच्या पंगतीत दूध त्यांच्या धर्मात चालत नाही. कोकणात नारळाला काय तोटा!

१९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. गावे आडनावांतून तिकडे पोचली. लोद, दिमोना, अश्दोद येथल्या घरांतून नव्या वर्षाला हाच हलवा थापतात. अलिबागेत आता मोजकीच घरे उरली आहेत. त्या दिवसांत गेलात आणि कुणी वडी हातावर ठेवली, तर नको म्हणू नका.