छोट्या गाडीचा दम

नागपूरला घाट नाही. सेमिनरी हिल्स आम्ही पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवतो, पण पाहुणा पुण्याचा असला तर तो "टेकडी कुठंय?" असं विचारतो आणि आपण तिच्यावरच उभे आहोत हे त्याला सांगावं लागतं. बाकी सगळं गाव सपाट. आमच्या गाड्यांना खरा चढ भेटतो तो उड्डाणपुलाचा. वर्धा रोडवर तीन किलोमीटरहून लांब दुमजली पूल आहे. मधल्या मजल्यावरून आम्ही जातो आणि आमच्या डोक्यावरून मेट्रो. या पुलावर चढताना चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागलं, मागच्याने हॉर्न दिला आणि शेजारून एखादा मोपेडवाला आरामात निघून गेला, की छोट्या गाडीचा मालक घरी येऊन म्हणतो, "आताशा गाडी दम धरून नाही राहिली."

मोठ्या गाडीवाल्यांना हे दुःख माहीत नाही. ते छोट्या गाडीवाल्यांचं, आणि त्यातही जुन्या गाडीवाल्यांचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांत चाळीसेक अश्वशक्ती होती आणि तेवढ्यावर आमच्या पिढीने लग्नं, बारशी, अष्टविनायक सगळं उरकलं. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, झेन आली. चार सिलिंडर, ९९३ सीसी, अख्खं इंजिन ॲल्युमिनियमचं, ५० अश्वशक्ती. पुढे कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय आलं आणि पन्नासाचे साठ झाले. अंगाने हलकी, बुटकी, रस्त्याला चिकटून पळणारी ही गाडी त्या वेळच्या पोरांना वेड लावून गेली. माझ्याकडे आहे ती झेनच, शेवटच्या काही वर्षांतली. २००६ मध्ये कंपनीने ती बनवणं थांबवलं, आम्ही चालवणं थांबवलं नाही.

पचमढीला जाताना छिंदवाड्याच्या अलीकडे सिल्लेवानीचा घाट लागतो. नागपूरच्या घराघरांत या घाटाची एकच आठवण आहे. पुढच्या सीटवरून आवाज येतो, "एसी बंद करा." एसीचा कॉम्प्रेसर छोट्या इंजिनातून तीन-चार अश्वशक्ती खातो, आणि साठातले चार म्हणजे काही थोडे नव्हेत. मागे बसलेली मंडळी रुमालाने वारा घेतात, काच खाली होते, गाडी घरघरत वर चढते. त्या क्षणी चालवणाऱ्याच्या मनात येतं, आणखी दहा अश्वशक्ती असती तर काय बहार आली असती!

तर ती दहा अश्वशक्ती विकत घ्यायची, असं एका दिवाळीत मनाने घेतलं. बजेट पंचवीस हजार. म्हणजे घरी सांगितलेलं. मनातलं थोडं जास्त होतं. भाचा इंजिनिअरिंगला. त्याने वहीच्या पाठकोऱ्या पानावर यादी करून दिली. शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, ईसीयूचं रीमॅपिंग, इरिडियमचे प्लग. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, "१.३ स्वॅप." झेनचं इंजिन काढून त्या जागी एस्टीमचं १२९८ सीसीचं बसवायचं. दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली, त्यामुळे जुळवून घेतात. रॅलीच्या वेडाने भारलेल्या पोरांनी हे देशभर करून पाहिलंय. "मामा, काहून भिऊन राहिले? उडते गाडी," भाचा म्हणाला.

यादी हातात घेऊन मी मे महिन्याचा विचार करत होतो. इंजिनाचा नव्हे, आपल्या गावाचा. इंजिनाचं खरं अन्न हवा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा ग्रॅम हवा लागते, तेव्हा जो जास्त हवा ओढेल तो जास्त ताकद देईल, असा हा साधा हिशेब. पण हवा तापली की विरळ होते. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा सहा टक्क्यांनी हलकी असते. म्हणजे उन्हाळ्यात नागपूरच्या प्रत्येक गाडीची सहा टक्के ताकद सूर्य परस्पर कापून घेतो. २०१३ च्या मे महिन्यात सोनेगावच्या वेधशाळेत पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारी शहरातल्या तमाम इंजिनांनी काय भोगलं असेल!

आता उघडा फिल्टर घ्या. कंपनीचा फिल्टर एका डब्यात असतो आणि त्या डब्याचं नाक गाडीच्या पुढच्या बाजूला, बाहेरच्या हवेकडे काढलेलं असतं. पोरं तो डबा काढून फेकतात आणि बॉनेटखाली लाल शंकू लावतात. बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, मे महिन्यातली हवा साठ-पासष्ट अंशांची. शंकू ती ओढतो. आवाज असा भारदस्त येतो की गाडी दुप्पट पळतेय असं वाटावं. ताकद मात्र आणखी पाच टक्क्यांनी उतरलेली असते. आवाजाला पिकअप समजणं ही आपल्या कानांची जुनी खोड. शिवाय इथल्या धुळीत तो शंकू वारंवार धुवावा लागतो ते वेगळं. डबा तसाच ठेवून आत चांगला, धुता येणारा फिल्टर बसवला तर चार-पाच हजारांत एखाद-दुसरी अश्वशक्ती पदरात पडते. पडते म्हणजे कागदावर.

रीमॅपिंगचंही तसंच. टर्बो असलेल्या गाडीत, म्हणजे चाकणला बनायच्या त्या पोलो टीएसआयसारख्या गाडीत, संगणकाचा प्रोग्राम बदलून ताकद चांगली वीस-पंचवीस टक्के वाढते, कारण टर्बोला हवा जास्त कोंबायला सांगता येतं. आमच्या झेनला टर्बो नाही. ती श्वास घेईल तेवढाच घेईल. तिथे रीमॅपने हाती लागणार पाच-सात टक्के, आणि त्यासाठी बजेट सगळं संपणार. इग्निशन पुढे ओढून ताकद काढायची म्हटलं तर उन्हाळ्यात इंजिन खडखडायला लागतं, आणि ती खडखड पिस्टनचा जीव घेते.

आणि स्वॅप? आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट करून सांगितलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. फ्री-फ्लो एक्झॉस्टवाल्यांचा शेवट तर आपण वर्तमानपत्रात पाहतोच. सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले, त्यांच्यावरून रोड रोलर जातोय, शेजारी साहेब उभे.

त्या यादीचा कागद मी उस्तादच्या हातात दिला. उस्ताद म्हणजे आमचा मेकॅनिक. त्याने तो वाचला, घडी करून माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, गाडीत आहे तेवढं तर आधी वापरून पहा. वरून काय टाकून राहिले?"

मग त्याने चारही प्लग काढले आणि बॉनेटच्या कडेवर ओळीने उभे केले. तीन प्लगांची टोकं विटकरी, चौथा काळा. "हा बिमार," उस्ताद म्हणाला. त्या भोकात त्याने प्रेशर गेज घट्ट बसवला, पोऱ्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन खक् खक् करत फिरलं, गेजचा काटा टप्प्याटप्प्याने चढला आणि एकशे तीसवर थांबला. बाकी तिघांत तो एकशे सत्तरच्या आसपास जात होता. उस्तादने चमचाभर इंजिन ऑइल त्या भोकात सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. काटा हलला नाही. "रिंग चांगल्या आहेत. रिंग गेल्या असत्या तर तेलाने वर आला असता. वॉल्व्ह बसून नाही राहिला." टॅपेट कव्हर उघडलं, फिलर गेजची पातळ पट्टी वॉल्व्हच्या डोक्याशी सरकवून पाहिली. ती जातच नव्हती. फट इतकी आवळलेली की इंजिन तापलं की वॉल्व्ह पूर्ण मिटत नसे आणि दाब गळून जायचा. एक स्क्रू, एक नट आणि उस्तादचं मनगट. सगळे टॅपेट सेट झाल्यावर काटा एकशे पासष्टला गेला.

साठ अश्वशक्तीचं इंजिन कितीवर चालत होतं कुणास ठाऊक. प्लग, टॅपेट, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टर, नवा साधा फिल्टर, घसरायला लागलेली क्लच प्लेट, असं सगळं मिळून बजेटच्या निम्म्याच्या आत बसलं. आणि गाडी पुलावर तिसऱ्यात चढली. भाच्याच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूने एवढा फरक पडला नसता. जुन्या गाडीत सगळ्यात स्वस्त अश्वशक्ती कुठली, तर जी कंपनीने दिली होती आणि वापरता वापरता आपण हरवली ती.

कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. ऐंशीच्या दशकात या माणसाने मारुती ८०० चं तेच बापुडं इंजिन घेतलं आणि एकट्या चालकाच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाडीत बसवलं. तीच फॉर्म्युला मारुती. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच गाडीतून वर आला. तिथे इंजिनापेक्षा मोठी जादू वजनाची होती. दारं नाहीत, मागची सीट नाही, काचा नाहीत. उरलेलं ओझं वाहायला ८०० चं इंजिन पुरून उरलं. हे वाचल्यापासून मी माझ्या डिकीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. त्यात पाण्याचे दोन कॅन, एक सतरंजी, फुटका स्टूल, लग्नाला दिलेल्या पण परत आलेल्या वाट्यांचं खोकं. झेनचं स्वतःचं वजन साडेसातशे किलोच्या घरात. चाळीस किलो उतरवले तर पाच टक्के भार कमी. तेही फुकट, आरटीओची परवानगी न घेता.

आता पेट्रोलचीच गोष्ट घ्या. वीस टक्के इथेनॉल आलंय, आणि त्याचा हिरीरीने आग्रह धरणारे नितीन गडकरी आमच्याच गावचे खासदार. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणार हे गृहीत धरायचं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्यायचे आणि गप्प बसायचं. शहराचा मान आपल्या गाडीनेही राखला पाहिजे!

उरलेल्या पैशांचं काय करायचं, हा प्रश्न टायरने सोडवला. टायरच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या डाव्या टायरवर होतं १२१४. २०१४ च्या मार्चमध्ये जन्मलेला. नक्षी अजून दिसत होती, पण रबर वाळून कडेला बारीक भेगा पडलेल्या. शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर खुले झाले, आता तो ७०१ किलोमीटर धावून मुंबईच्या दाराशी पोहोचलाय. मोटारींना ताशी १२० ची मुभा. उन्हाने तापलेलं सिमेंट काँक्रीट, सरळ रस्ता आणि गुळगुळीत टायर या तिघांची गाठ पडली की काय होतं ते विदर्भाने पुरेसं पाहिलंय. गुळगुळीत टायरच्या गाड्या आरटीओवाल्यांनी या रस्त्याच्या तोंडाशी अडवून परतही पाठवल्या. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. साठवर जी गाडी वीस मीटरमध्ये थांबते तिला एकशेवीसवर ऐंशी मीटर लागतात. म्हणून ताकद वाढवायची असेल तर पैसे आधी थांबण्यावर घालावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, मग हौस कुठे राहिली? हौस आहे, आणि ती असावी. रात्री दहानंतर फुटाळ्याहून अमरावती रोडला लागावं, काच अर्धी खाली, इंजिन चार हजार फेऱ्यांवर एका सुरात गाणारं, स्टिअरिंग जरा हलवलं की गाडी लगेच वळणारी. नव्या टायरवर, सेट केलेल्या टॅपेटवर, साठ अश्वशक्तीत जी मजा येते ती कमी नाही. मोठी गाडी निम्म्या ताकदीने चालवण्यापेक्षा छोटी गाडी पूर्ण ताकदीने चालवण्यात मला जास्त सुख वाटतं. मोठ्या गाडीचं शेवटचं टोक या रस्त्यांवर कधी दिसतच नाही. छोटीचं दिसतं, कायद्यात राहून दिसतं.

तेव्हा तुमच्याकडे जुनी छोटी गाडी आणि पंचवीस हजार असतील तर माझा सल्ला असा. आधी टायर आणि ब्रेक पॅड. मग कॉम्प्रेशन, टॅपेट, प्लग, क्लच. मग डिकी रिकामी करा. तरीही काही उरलं तर धुता येणारा फिल्टर घ्या, डब्यातलाच. एवढं करूनही गाडी कमी वाटली, तर पैसे साठवा आणि मोठ्या इंजिनाची गाडी घ्या. छोटीला तिच्यापेक्षा मोठी करायला जाऊ नका. त्यात पैसे जातात आणि गाडीही जाते.