शेल्डन आणि आमची येळवस

यंदाच्या येळवशीला शेतात कोपीपुढे पंगत बसली होती. भज्जी वाढता वाढता काका मला म्हणाले, "तूच सांग हिला. नीटचा अभ्यास सोडून फिजिक्स करायचं म्हणायली."

चुलतबहीण पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, भालकीत. तिला शास्त्रज्ञ व्हायचंय, आणि याचं निम्मं श्रेय 'द बिग बँग थिअरी'ला आहे. 2007 ते 2019, बारा सीझन. हॉस्टेलवर मीही ते सगळे पाहिले. फळ्यावरची समीकरणं खरी असायची, कारण ती तपासायला डेव्हिड सॉल्टझबर्ग हे खरे भौतिकशास्त्रज्ञ होते. पगाराची समीकरणं मात्र कुणी तपासली नसावीत! ही मंडळी रोज बाहेरून जेवण मागवतात, हवी तेव्हा कॉमिक्स घेतात, आणि प्रयोग फसल्याचं दुःख जाहिरात लागायच्या आत संपतं.

2016 मध्ये मला जेआरएफ मिळाली तेव्हा दरमहा 25,000 रुपये ठरलेले होते. ते कधी चार-चार महिने थांबून एकदम यायचे. तोवर मेसचं बिल अण्णा भरायचे, सोयाबीन विकून. पीएचडी झाली, आणि आता मी अतिथी प्राध्यापक आहे. कर्नाटकातल्या सरकारी कॉलेजांत आमच्यासारखे हजारो आहेत. दर वर्षी नव्यानं अर्ज भरायचा आणि यादीत नाव शोधायचं.

तरी दोन भाग मला अगदी आपले वाटले. एकात राजचं संशोधन अडतं. कित्येक महिने तो नुसतं काम चालल्याचं भासवतो, आणि मग व्हिसाच धोक्यात येतो. दुसऱ्यात एक प्राध्यापक वारतात, त्यांची कायमची जागा रिकामी होते, आणि हे मित्र शोकसभेतच वशिला लावू लागतात. घरचे हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडे तर जागा रिकामी झाली तरी भरत नाहीत.

हे सगळं मी तिला सांगितलं. काका खूश. त्यांनी मला आणखी एक उंडा वाढला.

"ताई, मग तू सोडलं का नाहीस?"

अकरा महिने एक संयुग माझ्या हाती लागत नव्हतं. रोज तेलासारखा चिकट गाळ. वैतागून एक बाटली फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ढकलली आणि विसरले. दिवाळीहून परत आले तर तळाशी पिवळेजर्द स्फटिक, सुईसारखे. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, लॅबमध्ये कुणीच नव्हतं. मी वॉचमनमामांना बोलावून दाखवले. ते म्हणाले, "छान आहेत, पण याचं काय करतात?"

ती हसली. काकाही हसले, मग आंबिलीचा पेला हातात धरून बराच वेळ गप्प राहिले.

"नीटचा फॉर्म भरायचा," शेवटी ते म्हणाले. "आणि तो दुसरा फॉर्म कधी निघतो, बी.एस्सी.चा?"